मोजणीत न येणारे रुग्ण

रक्ताचा कर्करोग म्हटले की ल्युकेमिया आठवतो. प्रत्यक्षात त्याचे अनेक प्रकार आहेत. एका प्रकारात अस्थिमज्जा सदोष पेशी बनवते आणि रक्तात पेशी कमी पडतात. त्याला एमडीएस म्हणतात. दुसऱ्यात पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात, तो एमपीएन. काही रुग्णांमध्ये दोन्ही एकाच वेळी घडते. हिमोग्लोबिन घसरते, पांढऱ्या पेशी मात्र वाढतात, पाणथरी मोठी होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 च्या वर्गीकरणात या दुहेरी आजारांना स्वतंत्र गट दिला. तोवर ते कधी या कप्प्यात, कधी त्या कप्प्यात टाकले जात.

या गटातला सर्वाधिक आढळणारा आजार म्हणजे सीएमएमएल. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार वर्षाला लाखात एकाहूनही कमी लोकांना तो होतो. बहुतेक रुग्ण सत्तरीच्या आसपासचे, त्यात पुरुष जास्त. लहान मुलांमधला जेएमएमएल तर दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद्यालाच होतो. त्याला 2022 च्या नव्या वर्गीकरणांनी या गटातून बाहेर काढले. तज्ज्ञांच्या पुस्तकातही या आजारांची जागा अजून स्थिर नाही.

निदानाची वाट अवघड आहे. सीएमएमएलची पहिली खूण म्हणजे रक्तात मोनोसाइट या पेशी सतत वाढलेल्या असणे. पूर्वी ही मर्यादा एका मायक्रोलिटरमागे 1000 पेशी होती; 2022 मध्ये ती 500 वर आणली गेली. शिवाय एकूण पांढऱ्या पेशींत त्यांचे प्रमाण किमान 10 टक्के हवे. पण मोनोसाइट क्षयरोगातही वाढतात. आपल्या वस्त्यांमध्ये ताप, अशक्तपणा आणि वजन घटणे दिसले की पहिला संशय टीबीचाच येतो, आणि तो रास्तही असतो. प्रश्न पुढचा आहे. टीबी सापडला नाही, औषधांनी फरक पडला नाही, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली कोण पाहणार? अस्थिमज्जेची तपासणी, गुणसूत्रांची तपासणी आणि जनुक चाचणी कुठे होणार, तिचे पैसे कोण भरणार?

या चाचण्यांवर उपचाराची दिशा ठरते. नेहमीच्या सीएमएलमध्ये बीसीआर-एबीएल हे जोडजनुक असते आणि इमॅटिनिबची गोळी नेमकी त्यावर काम करते. दुहेरी गटातल्या ॲटिपिकल सीएमएलमध्ये हे जोडजनुकच नसते. नाव जवळपास सारखे, चित्रही सारखे, पण गोळीला लक्ष्यच नाही. ती एक चाचणी झाली नाही, तर रुग्ण चुकीच्या औषधावर मोलाचे महिने घालवतो.

आता मोजणीकडे येऊ. 2000 पर्यंतच्या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत एमडीएस आणि अनेक एमपीएन 'अनिश्चित' मानले जात. त्यामुळे कर्करोग नोंदण्यांत ते धरले जात नसत. संकेत बदलल्यावरच त्यांची मोजणी सुरू झाली. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला 'इतर' हा रकाना चांगला ओळखीचा असतो: जे कशात बसत नाही ते तिथे जाते आणि कोणत्याही अहवालात परत दिसत नाही. भारतात तर रकान्यापर्यंत पोहोचणेच कठीण. मुंबईत 1963 मध्ये कर्करोग नोंदणी सुरू झाली, बार्शीची ग्रामीण नोंदणी 1987 ची. महाराष्ट्र या कामात मागे नव्हता. तरीही 2012 ते 2016 च्या राष्ट्रीय अहवालातील 28 लोकसंख्याधारित नोंदण्या देशाच्या जेमतेम 10 टक्के लोकसंख्येपर्यंतच पोहोचत होत्या. कर्करोगाची नोंद देशभर सक्तीची करावी, अशी शिफारस संसदीय स्थायी समितीने 2022 मध्ये केली. आकडा नसला की योजनेत तरतूद नसते, आणि तरतूद नसली की चाचणी होत नाही. चाचणीच नाही म्हणून आकडाही नाही.

आपल्या समाजासाठी यात आणखी एक पेच आहे. एनआरसीच्या वादानंतर यादी, नोंद, कागदपत्र हे शब्द ऐकले तरी अनेक घरांत धास्ती वाटते. तिला कारण आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. त्यातच आपली नावे: एका कागदावर शेख मोहम्मद, दुसऱ्यावर मोहंमद शेख, तिसऱ्यावर फक्त एम. शेख. नाव, वय आणि पत्ता जुळवून चालणाऱ्या नोंदणीत असा माणूस एकतर दोनदा मोजला जातो किंवा त्याचा पुढचा माग हरवतो. म्हणून सक्तीच्या नोंदीची मागणी करतानाच रुग्णाची ओळख गुप्त राहील आणि ही माहिती इतर कोणत्याही खात्याला मिळणार नाही, अशी कायदेशीर हमीही मागितली पाहिजे. यातली एक मागणी दुसरीवाचून अपुरी आहे.

सरकारकडे मागायचे ते हे: जिल्हा रुग्णालयात रक्ताची काच वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, सरकारी योजनेत निदानाच्या जनुक चाचण्यांचा खर्च, आणि खासगी प्रयोगशाळांनाही नोंदीचे बंधन.

आपण करायचे तेही थोडे नाही. जेएमएमएलच्या बहुतेक मुलांना मूळपेशी प्रत्यारोपणानेच बरे करता येते. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाहीतर परका दाता शोधावा लागतो, आणि तो समान वंशपरंपरेच्या लोकांत मिळण्याची शक्यता अधिक. धर्माची अडचण सांगितली जाते; पण जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 1988 मध्येच रक्तासारख्या पुन्हा तयार होणाऱ्या घटकांच्या दानाला मान्यता दिली आहे. रक्तदान शिबिरे आपण भरवतोच. पुढच्या शिबिरात मूळपेशी दात्यांच्या नोंदणीचेही एक टेबल असू द्या.