खाऱ्या पाण्याचें विरजण

पावसाळ्यांत नदीला नवें पाणी आलें कीं, आपल्याकडील जुन्या घरांतून हंड्यांत तुरटीचा खडा फिरवीत, किंवा निवळीचें बीं उगाळून पाण्यांत घालीत. रात्रभरांत गाळ तळाशीं बसे आणि सकाळीं वरचें नितळ पाणी काढून घेत. गढूळ तेवढें वाईट आणि नितळ तेवढें चांगलें, ही समजूत अशा अनुभवांतूनच आपल्या अंगीं मुरलेली आहे. परंतु समुद्री माशांची टाकी नव्यानें घरीं आणणाऱ्या कुटुंबास हीच समजूत महाग पडते, आणि तिची किंमत मुक्या जिवांना द्यावी लागते. म्हणून या महिन्यांत आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

आषाढी एकादशीच्या रथासाठीं प्रसिद्ध असलेला पिंप्राळा आतां जळगांव शहरांतच सामावला आहे. समुद्र तेथून शेंकडों किलोमीटर दूर. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं समुद्राच्या कांठींच उभारलें गेलें. पिंप्राळ्याच्या दिवाणखान्यांत मात्र समुद्र हातांनीं घडवावा लागतो. त्यासाठीं दर लिटर पाण्यास सुमारें ३५ ग्रॅम क्षार लागतात, आणि तेही समुद्री टाकीसाठीं मुद्दाम तयार केलेल्या मिश्रणाचे. स्वयंपाकघरांतील मीठ येथें चालत नाहीं. असा हा घरगुती समुद्र पहिल्या आठवड्यांत पुष्कळदां पांढुरका होतो. अशा वेळीं गोंधळून न जातां हा पांढरेपणा केव्हां आला तें आधीं पाहावें. त्यावरून कारण बरेंचसें उलगडतें.

पाणी भरतांच तें गढूळ झालें, तर दोष बहुधा वाळूचा असतो. दुकानांतून आणलेल्या कोरड्या वाळूंत बारीक पूड असते. तांदूळ धुतांना आपण वरचें पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबतों, तशीच ही वाळू घालण्यापूर्वीं धुवावयास हवी. न धुतां घातली असल्यास बहुधा एकदोन दिवसांत पूड खालीं बसते. गाळणींतील कापूस तेवढा धुवीत जावें.

मीठ मिसळतांना किंवा त्यानंतर लगेच पाणी चुना कालविल्यासारखें पांढरें झालें, तर कारण निराळें असतें. समुद्राच्या पाण्यांत चुना आणि कर्बक्षार हे दोघे शेजारीं नांदतात. त्यांचें प्रमाण एकाएकीं वाढलें कीं ते एकत्र येऊन खडूसारखा साका धरतात. कोरड्या मिठावर पाणी ओतलें तर असें घडतें; म्हणून मीठ नेहमीं पाण्यांत, थोडें थोडें आणि ढवळीत घालावें, तेंही निराळ्या बादलींत. बोअरचें पाणी जड असेल तर त्यांतील चुन्याची यांत भरच पडते. आरओचें पाणी बरें. पण घरच्या कित्येक यंत्रांत चवीसाठीं कांहीं क्षार परत मिसळलेले असतात, म्हणून टीडीएस मीटर लावून पाहावा. या साक्याची परीक्षा सोपी आहे. टाकींतील वाटीभर पाणी बाहेर काढून त्यांत शिरक्याचे थोडे थेंब टाकावे. पाणी निवळलें तर तो चुना समजावा.

तिसऱ्याचौथ्या दिवशीं, तोंवर स्वच्छ असलेलें पाणी पाहतां पाहतां दुधाळ झालें आणि त्याला कुबट वास येऊं लागला, तर मात्र सावध व्हावें. हें काम जंतूंचें. उरलेलें खाणें, मेलेला एखादा जीव, माशांची विष्ठा, यांवर जगणारे जंतु पाण्यांत भराभर वाढतात आणि त्यांच्या गर्दीनेंच पाणी पांढरें दिसतें. ते पाण्यांतील प्राणवायूही संपवितात. आधींच २५ अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ८.३ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर तितक्याच उष्ण समुद्रजलांत ६.७, आणि तें ३२ अंशांवर गेलें कीं ६ च्या आसपास. जळगांवचा वैशाख ज्यांनीं सोसला आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

एकत्र कुटुंबांत या दुखण्याचें एक खास कारण असतें. आजोबा सकाळीं चिमूटभर खाणें टाकतात, शाळेंतून आलेलीं मुलें दुपारीं टाकतात, संध्याकाळीं पाहुण्यांना मासे दाखवितांना पुन्हां एकदां. प्रत्येकाचें प्रेम चिमूटभरच. पण सर्वांचें मिळून टाकी नासविण्यास पुरेसें होतें. खाणें घालण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे असावें.

आतां खरा मुद्दा. दुधाळ पाणी बहुधा कांहीं दिवसांत आपोआप निवळतें. आणि घात होतो तो तेथेंच. टाकी स्वच्छ झाली म्हणून घरांतील मंडळी आनंदानें चार मासे आणतात, आणि आठवड्याच्या आंत ते एकामागून एक उलटे तरंगूं लागतात. कारण माशांच्या मलांतून व कुजलेल्या खाण्यांतून निघणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाहीं. समुद्री पाणी किंचित् अल्कधर्मी असल्यानें, आणि उष्णता वाढली कीं अधिकच, तो जास्त विषारी होतो. तुरटीनें गाळ बसेल. अमोनिया जेथल्या तेथें राहील. उलट तुरटी पाण्यांतील कर्बक्षार खाऊन टाकते, आणि पाण्याचा समतोल त्यांवरच अवलंबून असतो. तेव्हां तुरटीचा खडा या टाकीपासून दूरच ठेवावा.

अमोनियाचा खरा बंदोबस्त करणारे जंतु दुसरेच आहेत. एक जात अमोनियाचें नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचें त्यामानानें सौम्य असें नायट्रेट करते. विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जंतु वेगळे काढून दाखविले. पाणी दुधाळ करणाऱ्यांच्या मानानें यांची वाढ फार मंद. वाळूवर, दगडांवर आणि गाळणींत त्यांची वस्ती पुरती बसावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या गृहिणींना हें नवें नाहीं. विरजण लावलेलें पातेलें कोणी दर घटकेला हलवूं लागला तर दही कसें लागेल? घाबरून सगळें पाणी बदलणें, गाळणी नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें घासून धुणें, हें पातेलें हलविण्यासारखेंच आहे. उलट कोणा परिचिताच्या जुन्या, निरोगी टाकींतील मूठभर वाळू मिळाली तर ती घालावी, तेंच विरजण.

तेव्हां करावें तें इतकेंच. टाकी सुरू केल्यावर मासे लगेच आणूं नयेत. वस्ती वाढण्यासाठीं जंतूंना अमोनिया हवा, म्हणून बिनमाशांच्या टाकींत खाण्याचे दोनचार कण अधूनमधून टाकावे. तपासणीच्या संचानें अमोनिया व नायट्राइट पाहावे; दोन्ही शून्यावर येऊन कांहीं दिवस तेथेंच राहिले, म्हणजे मग एक किंवा दोनच मासे आणावे. मासे आधींच आले असतील आणि पाणी दुधाळ झालें असेल, तर खाणें एकदोन दिवस बंद ठेवावें, हवेचा पंप वाढवावा, आणि अमोनिया दिसल्यास तितक्याच खारट व तितक्याच उष्ण पाण्यानें थोडें थोडें पाणी बदलावें. उन्हाळ्यांत पाण्याच्या पृष्ठभागावर लहानसा पंखा सोडावा. खानदेशच्या कोरड्या हवेंत माठाप्रमाणेंच टाकीही त्यानें थंड होते. उडालेल्या पाण्याच्या जागीं मात्र गोडें पाणीच घालावें, कारण मीठ उडून जात नाहीं.

आणखी एक सूचना. परदेशीं पुस्तकांत टाकींत प्रवाळ-खडक घालण्याचा सल्ला असतो. आपल्या देशांत प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. दुकानदारानें दिले तरी घेऊं नयेत. मासेही शक्य तों पैदास केंद्रांतील घ्यावे. विदूषक मासे असे मिळूं शकतात.

मुलांना टाकीचा हट्ट असेल तर तो अवश्य पुरवावा. मात्र पहिले सहा आठवडे रिकाम्या पाण्याकडे पाहत बसण्याचें, आणि तपासणीचे आंकडे रोज वहींत टिपण्याचें काम त्यांच्याकडेच सोंपवावें. ज्या मुलाला हें साधलें, त्याच्या हातीं मासे निर्धास्तपणें द्यावे.