‘छोटी शिकार’ नावाची थाप

आमच्या नागपुरात हल्ली दिवाळीच्या खरेदीत कपडे, आकाशकंदील आणि फटाके यांच्या पंगतीला एक नवी वस्तू येऊन बसली आहे. ती म्हणजे एअरगन. साध्या भाषेत छऱ्याची बंदूक. मुलगा दहावीत गेला, त्याला मिसरूड फुटू लागले, की बापाला वाटू लागते, आता याच्या हाती काहीतरी मर्दानी द्यावे. मी नंदनवनात राहणारा एक शाळामास्तर. शाळामास्तराला सगळे कळते असा वस्तीतल्या लोकांचा एक गोड समज असतो, आणि मास्तर कादंबऱ्याही लिहीत असला तर मग विचारूच नका. तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे हटकून येतो: “गुरुजी, पोट्ट्यासाठी पहिली बंदूक घ्यायची आहे. तितर-गितर, ससा-गिसा पडला पाहिजे. कोणती घेऊ म्हणता?”

यातला ‘कोणती’ हा शब्द निरुपद्रवी आहे. सारी खोट आहे ती ‘पडला पाहिजे’ या दोन शब्दांत. विचारणारे सद्गृहस्थ पापभीरू असतात. दुकानात सुटे पैसे जास्त आले तर परत करतात, एकादशीला भगर खातात. वाघ मारण्याची कल्पना त्यांच्या स्वप्नातही येत नाही. पण तित्तर, लावा, होला, ससा म्हणजे ‘छोटी शिकार’, आणि छोटी शिकार म्हणजे जणू बोरे पाडणे! मोठी शिकार गुन्हा, छोटी शिकार गंमत, अशी एक सोयीची वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. माझे भांडण आहे ते या वाटणीशी.

ही वाटणी कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती एके काळी खरोखरच कायद्यात होती. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा त्यात मोठ्या शिकारीचा परवाना वेगळा आणि छोट्या शिकारीचा परवाना वेगळा अशी सोय ठेवलेली होती. १९९१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हे सगळे परवाने गेले. ‘छोटी शिकार’ हा शब्द त्या दिवशी मेला. आज ज्या बापाचे वय चाळीस-पंचेचाळीस आहे, तो तेव्हा चड्डीत हिंडत होता. म्हणजे आपल्या उभ्या प्रौढ आयुष्यात जी गोष्ट एक दिवसही कायदेशीर नव्हती, तिला हा गृहस्थ परंपरा म्हणतो! जुन्या कायद्यात उपद्रवी प्राण्यांची म्हणून एक यादी होती. कावळा, उंदीर, वटवाघूळ तीत बसत. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीही काढून टाकली. तित्तर, लावा, होला आणि ससा हे सगळे आज संरक्षित आहेत. आणि कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ पाखरू पडणे एवढाच नाही. मारण्याचा प्रयत्न म्हणजेही शिकार, जखमी करणे म्हणजेही शिकार, घरट्यातल्या अंड्यांना धक्का लावणे म्हणजेही शिकार. नेम चुकला म्हणून गुन्हा चुकत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही; आणि वाघासारख्या पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांची गोष्ट तर त्याहून कडक. ज्या हत्याराने शिकार झाली ते सरकारजमा होते ते वेगळेच.

आणि छऱ्याच्या बंदुकीने आमच्या विदर्भात लोक मारत काय आले? वडा-पिंपळाच्या झाडावर फळे पिकली की हिरव्यापिवळ्या रंगाच्या पारव्यांचे थवे उतरतात. पानांत बसले की दिसत नाहीत; खाली फळांचा सडा पडतो तेव्हा कळते की वर कुणी आहे. हा हरियाल. त्याच्या मांसाला चव असते असे म्हणतात, म्हणून छऱ्याची बंदूक आधी त्याच्याकडे वळते. हा हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पोरगा शाळेत सामान्य ज्ञानाच्या तासाला ‘राज्यपक्षी: हरियाल’ असे लिहून गुण घेतो आणि रविवारी बापाबरोबर जाऊन तोच हरियाल पाडतो. त्याचे उत्तर बरोबर असूनही त्याला पास कसे करावे?

“कायदा पाहतो कोण, गुरुजी?” असा यावर एक हसरा सवाल असतो. राज्याच्या वनखात्याचे मुख्यालय ज्या शहरात आहे, जे शहर वाघांची राजधानी म्हणून मिरवते, त्या शहरात हा सवाल विचारला जातो हे मोठे मौजेचे आहे. पण कायद्याची भीती घालून मला कुणाचे मन वळवायचे नाही. बंदुकीचेच बोलू.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही, पण एवढे गणित येते. आपल्याकडे साडेचार मिलिमीटर तोंडाच्या आणि वीस जूलपर्यंत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही, त्यापुढे लागतो. हा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे ९३० फूट वेगाने सुटला की वीस जूल भरतात. आता दुकानातली खोकी पाहा. त्यावर ‘१२०० फूट’ असे ठळक आकडे छापलेले असतात. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखर १२०० फुटांनी सुटला तर जोर तेहेतीस जूलच्या वर जातो, म्हणजे ती बंदूक परवान्याशिवाय बाळगता येणार नाही. जोर कायद्यात बसत असेल, तर तो वेग या छऱ्याचा नव्हे. कापसासारखा हलका छर्रा घालून आकडा फुगवता येतो. पण तसला छर्रा थोड्याच अंतरात दम टाकतो. तेव्हा खोक्यावरचा आकडा पाहून बंदूक निवडणारा बाप एक तर फसतो, नाही तर अडकतो.

बरे, कायद्यात बसणारी बंदूक घेतली. तिच्यातून सुटलेला छर्रा तीस मीटर जाईपर्यंत नळीच्या रेषेपासून नऊ-दहा सेंटीमीटर खाली येतो. वाऱ्याने बाजूला जातो तो हिशेब निराळा. स्प्रिंगच्या बंदुकीत दट्ट्या सुटला की ती आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी हिसका देते, आणि तो छर्रा नळीत असतानाच. मुरलेल्या नेमबाजालाही ती सांभाळायला महिनेच्या महिने लागतात. आणि तित्तराचे डोके असते सुपारीएवढे! तेही स्थिर नाही. तित्तर दोन पावले पळतो, थांबतो, मान वळवतो. पंधरा वर्षांच्या पोराचा छर्रा त्या सुपारीला लागणार नाही. लागलाच तर पंखात, मांडीत किंवा पोटात. पाखरू फडफडत झुडपात शिरते. शिकारी दोन मिनिटे शोधतात, काटे लागतात, परत फिरतात. घरी येऊन सांगतात, “चुकला.” तो चुकलेला नसतो. तो दोन दिवस बोरीच्या जाळीत पडून राहतो आणि मग मुंग्यांना मिळतो. ज्या देशांत हवेच्या बंदुकीने ससे मारणे कायदेशीर आहे तिथेही आधी कागदावर खंडीभर छर्रे खर्च करा, मगच रानात जा, असे बजावतात. आपल्याकडे धनत्रयोदशीला बंदूक आणि पाडव्याला शिकार!

शेतकऱ्याचे नाव पुढे करणारेही भेटतात. रोही आणि रानडुकरे पीक खातात हे खोटे कोण म्हणेल? रात्रभर मचाणावर जागणाऱ्या माणसाला नंदनवनातून उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण त्याच्यासाठी कायद्यात अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची वाट आहे. ती वाट बिकट असेल तर ती सोपी करा म्हणून भांडा. मी तुमच्याबरोबर येईन. छऱ्याने मात्र रानडुक्कर मरत नाही, चिडते. आणि नागपुरात सदनिकेत राहणाऱ्या पोराचे कोणते पीक लावा पक्ष्याने खाल्ले?

आता या पापात आम्हा लेखकमंडळींचा वाटा. शिकारकथेवाचून दिवाळी अंक निघत नसे असा एक काळ होता. मालगुजाराची जीप, तांबूस चंद्र, हाकेऱ्यांचा गलका, पेटलेली शेकोटी आणि शेवटी खिमा. त्यात वाघ नसला तर निदान तित्तर असे. वाचणारा गिरणगावातला असो की धंतोलीतला, गादीवर पडून चिवडा खात खात तो रान मारून येई. त्या कथांत मरणारा प्राणी नेहमी एका गोळीत मरत असे. बोरीच्या जाळीत दोन दिवस पडून राहिलेल्या पाखराची कथा कुणी लिहिली नाही, कारण ती कथा शेकोटीपाशी सांगता येत नाही. आजचा बाप ज्या मर्दानीपणाची स्वप्ने पाहतो तो त्याने रानातून आणलेला नाही. आमच्याच जुन्या अंकांतून उसना घेतला आहे.

या सगळ्यात मला खरोखर संताप येतो तो एका गोष्टीचा. विदर्भात फासेपारधी नावाची जमात आहे. तित्तर, लावा, ससा फाशात धरणे हा तिचा पिढीजात धंदा, पोटाचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी अशा अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली गेला, पण पोलिसाच्या आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांतून तो गेला आहे असे मला दिसत नाही. याच लोकांबद्दल माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा या अभ्यासकांनी नोंदून ठेवले आहे की, फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देण्याची त्यांची रीत होती. रानाचे मुद्दल शिल्लक ठेवून व्याजावर जगण्याची ही समज कुठल्या शाळेत मिळालेली नव्हती. माझ्या वर्गात एक पारधी मुलगा होता. ‘माझे बाबा’ या निबंधात त्याने लिहिले, माझे बाबा तित्तराशी बोलतात. वर्ग खदखदून हसला. मी त्याला पुढे बोलावले, तोंडाने तो आवाज काढायला सांगितले. त्याने काढला. खिडकीबाहेरच्या मोकळ्या प्लॉटमधून उत्तर आले. मग कुणी हसले नाही. त्याच्या बापाला फाशांसह धरून नेले होते, हे मला नंतर कळले.

कायदा त्यालाही लागू आहे; तो लागू नसावा असे मी म्हणत नाही. पण बापाच्या हातातले फासे जप्त होतात, आणि वाठोड्या-खरबीकडच्या प्लॉटांवर साहेबाचा पोरगा होला पाडून त्याचे छायाचित्र फोनवर मित्रांना धाडतो, त्याला अंगठे वर करून शाबासकी मिळते. एकाची भूक गुन्हा आणि दुसऱ्याची हौस संस्कार? ज्याला तित्तराची भाषा येते तो चोर, आणि ज्याला तित्तर आणि लावा यांतला फरक सांगता येत नाही तो शिकारी!

यावर सुशिक्षित बापाच्या भात्यातला शेवटचा बाण म्हणजे सालिम अली. “ते नाही का, लहानपणी एअरगननेच चिमणी मारली आणि पुढे एवढे मोठे झाले?” गोष्ट खरी आहे. १९०८ च्या सुमारास, मुंबईत, मामाच्या घरी वाढणाऱ्या या पोरक्या मुलाने खेळण्यातल्या हवेच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलाने विचारले, ही कोण? मामा अमीरुद्दीन तय्यबजींना सांगता आले नाही. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवले. साहेबांनी त्याला हाकलले नाही. पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. सालिम अली घडले ते त्या खणांपाशी. छऱ्याने चिमण्या मारणारी पोरे तेव्हा मुंबईत शेकड्यांनी असतील, ‘ही कोण?’ असे विचारणारा एक निघाला. तुमच्या पोराला सालिम अली करायचे असेल तर त्याच पैशात एक बरी दुर्बीण येते. ती घ्या आणि पहाटे गोरेवाड्याला न्या.

अरुणाचल प्रदेशात शिकार ही खरोखरीची परंपरा, घराघरात एअरगन. तिथे २०२१ च्या मार्चमध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंग गावापासून एअरगन स्वखुशीने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, आणि पाहता पाहता लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे जेवण शिकारीवर चालले त्यांनी बंदूक खाली ठेवली. आपण इकडे सावजीचे जेवण घरपोच मागवतो आणि पोराला शिकारी करायला निघतो.

एवढे सांगूनही काही बाप बंदूक घेणारच, आणि मला बंदुकीचे वैर नाही. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते दहा मीटर एअर रायफलमध्ये. आपली अंजली भागवत २००० साली सिडनीला याच प्रकारात अंतिम फेरीत पोचली. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ साली कैरोत जगज्जेता झाला, तोही यातच. त्यांच्यापुढे तित्तर नसतो; दहा मीटरवर कागद असतो आणि त्याच्या मध्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका.

तेव्हा पहिली बंदूक कोणती, ते आता सांगतो. साडेचार मिलिमीटरची घ्या. जोराची नको, हलकी घ्या. पोराला ती खांद्याला लावून मिनिटभर न थरथरता धरता आली पाहिजे, आणि नळी मोडून स्प्रिंग दाबताना त्याला गुडघा लावावा लागता कामा नये. दुर्बीण बसवू नका. माशी आणि खाच जुळवायला आधी शिकू द्या. छर्रे चपट्या डोक्याचे घ्या, कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. दुकानदार ‘शिकारीसाठी’ म्हणून टोकदार छर्रे पुढे सरकवू लागला तर त्या दुकानातून उठा. पावती घ्या. रिकामी बंदूक चालवू देऊ नका, दट्ट्या आपटून स्प्रिंग बिघडते. छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून गच्चीवरून किंवा गल्लीत एकही छर्रा सुटता कामा नये. नेमबाजीच्या क्लबात नाव घाला. बंदूक एका कपाटात ठेवा, छर्रे दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या पोराच्या आईजवळ द्या.