कॅम बदलायचाय? आधी टॅपेट बघा

घरातली जुनी मारुती ८०० हातात आली, की महिन्याभरात कुणीतरी कानाशी येऊन सांगतंच, 'कॅम टाक गं, गाडी उडेल!' इंटर्नशिपचे पहिले पैसे मी त्याच्यासाठीच बाजूला काढले होते, म्हणून हे लिहितेय.

व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचे हे कॅमशाफ्ट ठरवतो. क्रँकचे दोन फेरे, तेव्हा त्याचा एक. 'हॉट कॅम' व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला इंजिन त्याने मोकळा श्वास घेतं, हे खरंय. ८००च्याच इंजिनावर फॉर्म्युला मारुतीच्या शर्यती झाल्या आहेत. पण वरचं मिळालं की खालचं जातं. टॉर्क कमी होतो, आयडलिंग गचके खातं. आता सांगा, ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी घेऊन तुम्ही रोज कुठे असता? ट्रॅकवर, की सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये दुसऱ्या गिअरला?

शिवाय कॅम एकटा येत नाही. स्प्रिंगा बदला, कार्बोरेटरचे जेट बदला, मग पीयूसीची धाकधूक. स्वस्तात म्हणून जुनाच कॅम घासून देणारेही आहेत. त्यात वरचा कडक थर गेला, तर लोब भराभर झिजतो आणि त्याचा चुरा तेलातून अख्ख्या इंजिनात फिरतो.

माझे पैसे वाचवले आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांनी. कव्हर उघडून त्यांनी मला माझाच कॅम दाखवला. एका लोबचं नाक चक्क चपटं! म्हणजे तो व्हॉल्व्ह धड उघडतच नव्हता, आणि मी निघाले होते त्याला आणखी उघडायला. "पोरी, कंपनीने दिलेली ताकद तरी आधी परत घे," ते म्हणाले. मग साधाच नवा कॅम, रॉकर, टायमिंग बेल्ट आणि टॅपेट सेटिंग. खंबाटकी घाटात फरक कळला.

मॉडिफिकेशनला माझा विरोध नाही. ट्रॅकसाठी गाडी बांधताय? मग बिनधास्त टाका, पण सगळं हेड त्या हिशोबाने करा. नुसत्या आवाजासाठी मात्र नको. आमच्या एका मित्राची गाडी सिग्नलला अशी धडधडते की सगळे वळून बघतात. चढावर ढकलायला मात्र आम्हीच.

तेव्हा या रविवारी इंजिन गार असताना कव्हर उघडायला सांगा आणि लोब स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पैसे तोवर खिशातच राहू देत.