बाहुली कोणत्या भाषेत बोलणार?

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर तालुक्यात चिंचपाडा हे गाव आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या जनजातींची. या तालुक्यात घरोघरी मावची बोली नांदते. येथील बालक आईशी मावचीत बोलते, शाळेत मराठी शिकते आणि पडद्यावर हिंदी ऐकते. आता भ्रमणध्वनीवरील इंग्रजी बडबडगीतांची त्यात भर पडली आहे. या गर्दीत त्याच्या आईच्या बोलीला पडद्यावर स्थान नाही आणि मराठीलाही अभावानेच आहे. प्रश्न करमणुकीचा नाही. कोवळ्या मनाची भाषा कोणी घडवायची, याचा आहे.

अमेरिकेने हा प्रश्न १९६९ मध्येच ओळखला. शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच मागे पडणाऱ्या गरीब वस्तीतील मुलांसाठी त्या वर्षी १० नोव्हेंबरला 'सेसमी स्ट्रीट' सुरू झाली. बाहुल्या आणि माणसे वेगवेगळ्या दृश्यांत ठेवावीत, असा तज्ज्ञांचा आरंभीचा सल्ला होता. मात्र नमुना भाग मुलांना दाखवले, तेव्हा केवळ माणसांच्या प्रसंगांत त्यांचे लक्ष उडाले. मग जिम हेन्सन यांनी माणसांत वावरणारे बाहुले घडवले. मुलांपुढे तज्ज्ञांनी माघार घेतली, हेच त्या यशाचे मर्म होय. हीच परंपरा २००६ मध्ये 'गली गली सिम सिम'च्या रूपाने भारतात आली. शाळेच्या गणवेशातील चमकी हिंदीतून मुलांशी बोलू लागली. परके म्हणून ते त्याज्य ठरत नाही. पण मराठीने काय केले?

महाराष्ट्र बाहुल्यांच्या बाबतीत कधीच दरिद्री नव्हता. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला जपली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव तर १९१६ पासूनचा. शासनाकडेही साधन होते. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'चे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून खेड्यापाड्यांत पोहोचत. केंद्राचे अनुदान थांबले, राज्याने भार उचलला नाही आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळे लागले. तेव्हाचे शासन राष्ट्रीय विचारांच्या मंडळींना जवळचे होते, म्हणून त्यांनी मौन पाळावे काय? स्वभाषेचा अभिमान निवडणुकीच्या निकालावर अवलंबून असेल, तर तो अभिमान नव्हे, सोय होय.

भ्रमणध्वनीच्या युगात दूरचित्रवाणी कोण पाहतो, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे उत्तर २०२० च्या महामारीने दिले. शाळा बंद झाल्या, अनेक पाड्यांत इंटरनेट नव्हते. अखेर २० जुलैपासून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची 'टिलीमिली' ही मालिका सह्याद्री वाहिनीवर आली. तो उपक्रम स्तुत्यच. पण तो पहिली ते आठवीच्या मुलांसाठी होता. अंगणवाडीतील बालक उपेक्षितच राहिले. तीन वर्षांपूर्वी बंद केलेली शासनाची स्वतःची यंत्रणा त्या दिवसांत किती मोलाची ठरली असती!

संस्कार घरात होतात, पडद्यावर नव्हे, असेही सुज्ञ पालक म्हणतात. ते खरेच. पण पडदा आता घरातच येऊन बसला आहे. आई शेतावर आणि बाप ऊसतोडीला गेल्यावर मुलाशी बोलणारा तोच उरतो. त्याच्याकडे पाठ फिरवल्याने तो मुका होत नाही. तो दुसऱ्याची भाषा बोलतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला आणि मातृभाषेचा पुरस्कार केला. त्या शब्दांना प्रामाणिकपणे जागायचे, तर 'बालचित्रवाणी'चा संग्रह सर्वांना खुला करावा. पिंगुळीचे कलावंत, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांना एकत्र आणून मराठी बालमालिका उभी करावी. मावची, भिल्ली, कोकणा, पावरी या बोलींत तिची रूपे व्हावीत. त्या मालिकेत मोहाची फुले वेचत मुले अंक शिकतील आणि होळीच्या ढोलावर ताल धरतील. बोलीतून मराठीकडे आणि मराठीतून जगाकडे, हाच शिक्षणाचा स्वाभाविक क्रम होय.

शासन जागे होईपर्यंत समाजाने थांबण्याचे कारण नाही. मोज्याला दोन गुंड्या शिवल्या तरी बाहुली तयार होते. अंगणवाडीत, बालसंस्कार वर्गात ती मुलांच्या बोलीत बोलू शकते. चिंचपाड्याच्या बालकाला पडद्यावर आपले गाव दिसेल आणि आईचा शब्द ऐकू येईल, त्या दिवशी राष्ट्र त्याला परके वाटणार नाही. बाहुलीची दोरी कोणाच्या हाती द्यायची, हे आजच ठरवावे लागेल.