अडेलतट्टू कोण?

एखादा मुलगा आपला हेका सोडत नसला की मोठी माणसे त्याला 'अडेलतट्टू' म्हणतात. हा शब्द तुम्ही वर्गात ऐकला असेल. कदाचित तो तुम्हालाच उद्देशून वापरला गेला असेल. ज्याच्यावरून हा शब्द आला ते तट्टू मात्र आपली बाजू मांडायला येऊ शकत नाही. म्हणून आज त्याचे वकीलपत्र मी घेतले आहे. माझे म्हणणे असे की, तट्टू जन्मतः अडेल नसते. त्याला अडायला शिकवले जाते, आणि शिकवणारा बहुतेक वेळा दोराच्या दुसऱ्या टोकाला उभा असतो.

घोड्याचे पिलू, म्हणजे शिंगरू, जन्मल्यानंतर तासा-दोन तासांत आपल्या लटपटत्या पायांवर उभे राहते आणि लगेच आईच्या मागे चालू लागते. मोकळ्या माळावर राहणाऱ्या आणि धोका दिसताच पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्याला हे आवश्यकच आहे. पुणे, सातारा, सोलापूर या बाजूला मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या बिऱ्हाडाचे सामान लादलेली भीमथडी घोडी पुढे चालत असते आणि तिच्या मागे शिंगरू, गळ्यात दोर नसतानाही, मुकाट चालत असते. तेव्हा 'मागे चालणे' ही गोष्ट शिंगराला शिकवावी लागत नाही. शिकवावे लागते ते एवढेच की, आईऐवजी माणसाबरोबर चालायचे आणि तोंडाला दोर बांधलेला असताना चालायचे.

गोष्ट साधी वाटते, पण घोड्याचे पुढचे सगळे आयुष्य तिच्यावर अवलंबून असते. नाल ठोकायला न्यायचे असो, डॉक्टरांकडून लस टोचून घ्यायची असो, की मोटारींच्या गर्दीतून रस्ता ओलांडायचा असो, जो घोडा दोराबरोबर नीट चालतो त्याचे हे सगळे सोपे जाते. जो चालत नाही तो मार खातो, विकला जातो, पुन्हा मार खातो.

आता थोडे गणित करू. लहान चणीची घोडी सुमारे ३५० किलो वजनाची धरा. तिचे शिंगरू जन्मतः आईच्या वजनाच्या साधारण एक दशांश, म्हणजे ३५ किलोच्या आसपास असते. या वयात एखादा दांडगा मुलगा त्याला ओढत नेऊ शकतो, आणि इथेच फसगत होते. शिंगरू सहा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे वजन आईच्या निम्म्याजवळ पोचते. तीन-चार वर्षांनी ते ३५० किलोचे होते. मुलगा ४० किलोचा असेल, नाहीतर फार तर ६० किलोचा. ज्याने आपल्या ताकदीच्या भरवशावर शिकवले त्याचे सगळे भांडवल आता संपले. दोराने घोड्याला ओढून नेता येते हा समज वजनाच्या काट्यावर टिकत नाही.

मग शिंगरू ओढल्यावर मागे का सरते? हा हट्ट आहे का? एक प्रयोग करा. मित्राला सांगा, की मी बेसावध असताना माझे मनगट धरून एकदम पुढे ओढ. तुमचे अंग विचार करण्यापूर्वीच मागे झुकेल, टाचा जमिनीत रुततील. तोल सांभाळण्यासाठी शरीराने केलेली ही आपोआप होणारी क्रिया आहे. शिंगरूही तेच करते. त्यात ओढणारा माणूस बहुधा त्याच्या अगदी समोर, डोळ्यांत डोळे घालून उभा असतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला मान न वळवता जवळजवळ ३५० अंशांचा परिसर दिसतो. पण कपाळाच्या अगदी पुढची आणि शेपटीच्या मागची थोडी जागा दिसत नाही. नेमक्या त्या न दिसणाऱ्या जागेजवळ उभे राहून आपण त्याला ओढतो आणि वर त्याला हट्टी म्हणतो! जोरात ओढलेले शिंगरू कधी कधी मागच्या पायांवर उभे राहते आणि उताणे पडते. अशा पडण्यात डोक्याच्या मागच्या भागाला मार बसून शिंगरे दगावलेलीही आहेत.

जाणकार माणूस हे काम कसे करतो ते पाहा. तो पुढे उभा राहत नाही. शिंगराच्या डाव्या खांद्याशी, ज्या दिशेला जायचे तिकडे तोंड करून उभा राहतो. दुसरा माणूस घोडीला धरून हळूहळू पुढे नेतो, म्हणजे शिंगराला जावेसे वाटेल असे काहीतरी समोर असते. तोंडावर मऊ म्होरकी असते, पण सुरुवातीला तिच्यावर जोर येऊ द्यायचा नाही. एक मऊ दोर शिंगराच्या पुठ्ठ्यांमागून घेतलेला असतो. त्या दोराने पाठीमागून अगदी हलका दाब द्यायचा आणि थांबायचे. वाढवायचे नाही, झटका द्यायचा नाही, फक्त थांबायचे. शिंगरू चुळबुळ करते, डोके हलवते, आणि केव्हातरी एक पाऊल पुढे टाकते. त्याच क्षणी दोर सैल! पाऊल जमिनीला टेकण्याच्या आत सैल झाला तर फारच उत्तम. पुन्हा हलका दाब, पुन्हा पाऊल, पुन्हा सैल. अशी पाच-सहा पावले झाली की त्या दिवसाची शाळा सुटली. (तुमच्या शाळेचे तास असे असते तर, असा विचार तुमच्या मनात आला असेल. मला त्यावर काही म्हणायचे नाही.) आणखी दोन गोष्टी तो कधी विसरत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कारण घोडा बिथरला तर बोटे जातात. आणि काम संपल्यावर म्होरकी काढून ठेवायची, कारण शिंगरू मागच्या पायाने कान खाजवते आणि त्याचा खूर म्होरकीत अडकू शकतो.

या सगळ्यात शिंगराला शिकवले कोणी? दाबाने नव्हे. दाब हा फक्त प्रश्न होता. 'बरोबर' हे उत्तर त्याला दोर सैल होण्यातून मिळाले. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने १८९८ साली मांजरांना पेटाऱ्यांत कोंडून पाहिले होते. धडपड करता करता मांजराचा पाय खटक्यावर पडे आणि दार उघडे. पुढच्या खेपेला ते थोडे लवकर सुटे, त्या पुढच्या खेपेला आणखी लवकर. ज्या कृतीनंतर सुटका किंवा समाधान मिळते ती कृती पक्की होते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे बी. एफ. स्किनर याने याच विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्रासदायक गोष्ट दूर केल्यामुळे एखादे वर्तन पक्के होते, तेव्हा त्याला 'ऋण प्रबलन' म्हणतात. शिक्षकांना एक विनंती: ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा, असे कृपा करून फळ्यावर लिहू नका. शिक्षेने वर्तन कमी होते. प्रबलनाने, मग ते धन असो वा ऋण, वर्तन वाढते. इथे 'ऋण' म्हणजे वाईट असे नसून 'वजा केलेले' एवढाच अर्थ आहे. वजा काय झाले? दोराचा ताण.

हे कळले की अडेलतट्टूचे कोडे सुटते. समजा, एका माणसाने दोर ओढला. शिंगरू मागे सरले. माणसाने आणखी ओढले, शिंगराने मान वर करून आणखी जोर लावला. माणसाचा हात दुखू लागला, किंवा त्याला भीती वाटली, आणि त्याने दोर सोडला. दोर सैल कधी झाला? शिंगरू मागे ओढत असताना! म्हणजे 'बरोबर' हे उत्तर त्याला मागे ओढण्याबद्दल मिळाले. दुसऱ्या दिवशी ते आणखी जोराने मागे ओढते, कारण काल तेच तर शिकवले होते. आपण ज्याला अडेल म्हणतो ते तट्टू खरे म्हणजे वर्गातले हुशार विद्यार्थी असते. त्याने धडा अगदी नेमका पाठ केलेला असतो.

दुसरी चूक याच्या उलट असते. काही जण दोर कधीच सैल करत नाहीत. तट्टू चालले तरी ताण, थांबले तरी ताण. तुमच्या अंगातल्या सदऱ्याचा स्पर्श सकाळी घालताना जाणवतो, दहा मिनिटांनी जाणवत नाही. सारखा असलेला ताणही असाच अर्थहीन होतो. ज्या कातडीला पाठीवर बसलेली माशी कळते, तिला दोराचा हिसका कळेनासा होतो, कारण हिसक्यानंतर काहीच बदलत नाही. मग माणूस जोर वाढवतो, पुढे काटेरी लगाम आणतो. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली झालेल्या नियमांनी काटे असलेले लगाम वापरण्यास मनाई केली आहे. मला हा नियम महत्त्वाचा वाटतो, पण तो रोगाच्या शेवटच्या टप्प्यावर आहे. काटेरी लगामाची गरज ज्या दिवशी निर्माण झाली तो दिवस शिंगरू दोन महिन्यांचे असतानाचा होता.

"पिढ्यान्पिढ्या मारूनच घोडे शिकवले, ते चालतात की!" असे कोणी म्हणेल. चालतात, हे खरे. वेदनेनेही प्राणी शिकतो, फक्त काय शिकतो ते आपल्या हातात राहत नाही. 'पुढे चल' याऐवजी 'हा माणूस आला की दुखते' एवढेच तो शिकू शकतो. १९६७ साली सेलिगमन आणि मायर या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर एक प्रयोग केला. ज्या कुत्र्यांना पूर्वी काही केल्या चुकवता न येणारे विजेचे धक्के बसले होते, त्यांतली बरीचशी नंतर सुटकेची वाट मोकळी असूनही जागची हलली नाहीत. हे वाचल्यापासून 'अगदी गरीब घोडा आहे हो' असे कोणी सांगितले की मी आधी त्याच्या कानांकडे आणि डोळ्यांकडे पाहतो. गरीब आणि खचलेला या दोहोंत फरक आहे.

आणि हे शहरी माणसाचे लाड आहेत असेही समजू नका. सुमारे २४०० वर्षांपूर्वीचा झेनोफन हा ग्रीक लेखक स्वतः लढाया पाहिलेला सेनानी होता. घोड्याजवळ रागाच्या भरात जाऊ नये, आणि शिंगराला गर्दीतून, निरनिराळ्या आवाजांतून फिरवून त्याची भीती घालवावी, असे त्याने आपल्या अश्वविद्येवरील ग्रंथात सांगून ठेवले आहे. आपल्याकडचे चांगले मोतद्दारही हे जाणतात; थॉर्नडाइकचे नाव त्यांनी ऐकलेले नसते इतकेच.

गूळ दिला तर? द्यावा, पण हातातून सतत नको. शिंगरू हात चावायला शिकते. शिवाय गूळ खिशातून काढेपर्यंत दोन-चार सेकंद जातात, तेवढ्यात शिंगराने आणखी तीन गोष्टी केलेल्या असतात. दोर सैल करायला वेळ लागत नाही.

नीट शिकवल्यावर हा दाबसुद्धा लागेनासा होतो, आणि मला सर्वांत नवल वाटते ते याचे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये 'हान्स' नावाचा एक घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला होता. उत्तर जितके असेल तितक्या वेळा तो खूर आपटत असे. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीला त्यात लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्ट याने कसून तपास करून १९०७ साली दाखवून दिले की, बरोबर आकडा येताच प्रश्न विचारणाऱ्याचे डोके त्याच्याही नकळत किंचित हलत असे, आणि ते पाहून हान्स थांबत असे. ही गोष्ट सहसा घोड्याची फजिती म्हणून सांगतात. मला ती घोड्याची स्तुती वाटते. ज्याला तुमच्या मानेची एवढीशी हालचाल वाचता येते, त्याला हिसका कशाला हवा? प्रत्येक वेळी दाब देण्याच्या किंचित आधी 'चल' म्हणा आणि आपले खांदे पुढे न्या. 'चल' नंतर दाब येतो हे शिंगराच्या ध्यानात आले की दाब येण्यापूर्वीच ते चालू लागते. त्या दिवशी दोराला झोळ असतो आणि दोघे बरोबर चालतात.

अर्थात वाटेत डबके येते, वाऱ्यावर फडफडणारे प्लास्टिक येते, आणि शिंगरू थबकते. अशा वेळी ओढले तर पहिला धडा पुसला जातो. त्याला मान खाली घालून पाहू द्या, फुरफुरू द्या. दोर हातात राहू द्या, पण मागे फिरू देऊ नका. त्याचे वजन पुढच्या पायांवर आले, एवढे जरी झाले, तरी दोर सैल करा.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिकडे किंवा माथेरानला जाण्याचा योग आला तर एक वही घेऊन जा. दोर धरून चाललेल्या दहा घोड्यांची नोंद करा: दोर ताठ होता की त्याला झोळ होता; घोडा थांबला तेव्हा माणसाने काय केले; आणि दोर शेवटी सैल झाला तेव्हा घोडा पुढे येत होता की मागे जात होता. शेवटचा रकाना सर्वांत काळजीपूर्वक भरा. आणि नोंदी करताना घोड्याच्या मागे उभे राहू नका.