कॅमेऱ्याचा पासवर्ड कोणाच्या हातात?



परवा मंदिरातून परतताना आम्हा चौघीजणींत विषय निघाला. एकीच्या घरी नुकतेच चार कॅमेरे बसलेत. मुलगा-सून पुण्याला, घरात ही दोघंच. ती कौतुकानं सांगत होती, "आता काळजीच मिटली बाई. स्वयंपाकघरातसुद्धा लावलाय. मुलगा तिथून सगळं बघतो." बाकीच्या दोघींनी लगेच कॅमेरे बसवणाऱ्याचा नंबर मागून घेतला. मी गप्प राहिले आणि घरी आल्यावर स्वतःवरच चिडले. तिथं बोलायला हवं होतं ते आज लिहिते. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं दोनच वाक्यांचं आहे. कॅमेरा दारावर लावा, घरात नको. आणि त्याचा पासवर्ड त्या घरात राहणाऱ्या बाईच्या हातात हवा. हे दोन्ही जमत नसेल तर कॅमेऱ्याचे पैसे वाचवा आणि एक चांगलं कुलूप आणा.

हे शहाणपण मला फुकट आलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत माझ्या मुलानंही हौसेनं चार कॅमेरे बसवून दिले. दोन बाहेर, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघराच्या दाराशी. बसवणारा माणूस आला, दोन तासांत वायरी ओढल्या, मोबाइलवर चित्र दाखवलं, पैसे घेतले आणि गेला. मी बी.कॉम. झालेली बाई, दुधाच्या पिशव्यांचा हिशेबसुद्धा वहीत लिहिते. पण त्या माणसाला मी एक प्रश्न विचारला नाही.

महिनाभरानं मुलाचा फोन आला, "आई, आज सामायिकाला बसली नाहीस? बरं नाही का?" त्याच्या विचारण्यात माया होती, मला कळत होतं. त्या दिवशी माझे गुडघे दुखत होते, म्हणून मी पडून होते. पण अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मी माझ्याच हॉलमध्ये पदर सारखा करून, पाहुण्यासारखी बसायला लागले. यांच्याशी चार शब्द वादाचे बोलायचे असले तर आम्ही दोघं मागच्या अंगणात जायचो. बेचाळीस वर्षं संसार केलेल्या घरात!

आणि मुलाला काय बोलू, मीही तेच केलं. शिखरजीच्या यात्रेला गेलो होतो. झाडांना पाणी घालायला आणि केर काढायला मावशींकडे किल्ली दिली होती. चौदा वर्षं त्या आमच्याकडे काम करतात. गाडीत वेळ जाईना म्हणून मी मोबाइल उघडला. मावशी पंख्याखाली बसल्या होत्या. मी तिथून फोन लावला आणि म्हणाले, "मावशी, काम झालं असेल तर पंखा बंद करा." परत आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "ताई, तुम्ही मला बघत होता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षी क्षमावाणीला सगळ्यांत आधी मी त्यांच्यापुढे हात जोडले.

आपण अचौर्य व्रताचं नाव घेतो तेव्हा डोळ्यांसमोर पैसा-दागिना येतो. पण व्रताचा अर्थ तेवढा नाही. जे दुसऱ्यानं दिलेलं नाही ते घेणं, म्हणजे अदत्तादान. मावशींनी मला त्यांचं काम दिलं होतं, त्यांची विश्रांती बघायला दिली नव्हती. सुनेनं आपल्याला नातं दिलंय. ती माहेरी फोनवर काय बोलते, दुपारी किती झोपते, डब्यातून काय काढून खाते, हे तिनं आपल्याला दिलेलं नाही. ते कॅमेऱ्यातून घेतलं तर ते चोराला पकडणं झालं का? मला तर ती चोरीच वाटते, आणि करणाऱ्या आपण.

यावर दोन उत्तरं मला नेहमी ऐकू येतात. पहिलं असं, "आपण काही वाईट करत नाही, मग लपवायचं काय?" मग न्हाणीघराला कडी कशाला लावतो? लपवण्यासारखं काही नसलं तरी माणसाला आडोसा लागतो. हे आता न्यायालयही सांगतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे दोन भावांचं प्रकरण आलं. एकानं दुसऱ्याची संमती न घेता राहत्या भागात कॅमेरे लावले होते. न्यायालयानं ते चूक ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. सख्ख्या भावाची परवानगी लागते, तर सुनेची आणि सासूची का लागू नये?

दुसरं उत्तर खरं आहे, त्याचा मान ठेवायला हवा. "आई एकटी असते, पडली-बिडली तर?" एकट्या, आजारी माणसाच्या घरात कॅमेऱ्याचा उपयोग होतो, मी नाही म्हणत नाही. पण आधी त्या माणसाला विचारा. ती हो म्हणाली तर तिच्याच पसंतीच्या जागी एकच लावा आणि तो बंद कसा करायचा हे तिला शिकवा. काळजी करणाऱ्या मुलांना आणखी एक सांगते. दिवसातून दोनदा फोन करा. कॅमेऱ्यात आई दिसते, पण तिला तुम्ही दिसत नाही.

आता पासवर्डाचं. गेल्या वर्षी मी मोबाइल बदलला. नव्या मोबाइलवर कॅमेऱ्याचं ॲप घातलं तर ते म्हणालं, हे उपकरण दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे. शोध घेतला तर खातं बसवणाऱ्याच्या नंबरावर! त्यानं पहिल्या दिवशी स्वतःच्या मोबाइलनं कोड स्कॅन केला आणि आम्हाला नुसतं 'शेअर' केलं. म्हणजे दोन वर्षं आमचा हॉल त्याच्या खिशात होता. त्यानं कधी बघितलं असं मी म्हणत नाही. पण केव्हाही बघू शकत होता, आणि याला आम्ही सुरक्षा म्हणत होतो.

हे आमच्यापुरतं असतं तर लिहिलं नसतं. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या बायकांच्या तपासणीची चित्रं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. तिथल्या कॅमेऱ्यांना कंपनीकडून येतो तसलाच सोपा पासवर्ड होता, असं बातम्यांत आलं. पकडलेल्यांत लातूर-सांगलीकडची मुलं होती. २०१६ साली 'मिराई' नावाच्या विषारी प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधीच होती. कारखान्यातून येणारे साठेक ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावून बघायचे. पासवर्ड बदलायचा कंटाळा करणाऱ्यांच्या जोरावर त्याचं काम झालं.

तेव्हा बसवणारा माणूस दारात असतानाच, पैसे देण्याआधी, पुढच्या गोष्टी करून घ्या.

खातं तुमच्या नंबरावर, तुमच्या मोबाइलवरून उघडा. कोड तुम्ही स्कॅन करा, त्याला करू देऊ नका. रेकॉर्डरचा पासवर्ड आणि वायफाय राउटरचा पासवर्ड, दोन्ही तिथंच बदला. तो टाइप करताना त्याला पाणी द्यायच्या निमित्तानं नव्हे, सरळ सांगून बाजूला करा. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. लांब ठेवा आणि वहीत लिहून ती वही कपाटात ठेवा. ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी तपासणी असेल तर ती चालू करा. "बाहेरून दिसायला राउटरवर पोर्ट उघडतो," असं तो म्हणाला तर नको म्हणा, कारण तो वाटेवरचा दरवाजा उघडा ठेवण्यासारखाच प्रकार आहे. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. शेजाऱ्यांची खिडकी चित्रात येत असेल तर कॅमेरा वळवून घ्या. रेकॉर्डर टीव्हीखाली ठेवू नका, चोर तोच आधी उचलतो. कुलुपाच्या कपाटात, हवा खेळेल असा ठेवा. वीज गेली की सगळंच आंधळं होतं, म्हणून रेकॉर्डर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

आणि एक हिशेब माझ्या वहीतला. एक कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट लिहीत असेल, तर तासाला ९०० एमबी आणि दिवसाला साडेएकवीस जीबीच्या वर जातात. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला ८६ जीबी झाले. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. आपली शिखरजीची यात्रा पंधरा दिवसांची. म्हणजे गेल्या दिवशीच चोरी झाली तर परत येईपर्यंत पुरावा पुसलेला! बाहेर दोनच कॅमेरे ठेवलेत तर तीच डिस्क तेवीस दिवस पुरते. घरातले काढले की हिशेबही जुळतो.

आमच्याकडचे हॉलचे आणि स्वयंपाकघराचे कॅमेरे मी काढायला लावले. मुलगा दोन दिवस रुसला, मग त्यालाही पटलं. आता तो सकाळी नवाला फोन करतो. बाहेरचे दोन चालू आहेत, त्यांचा पासवर्ड मला आणि यांना माहीत आहे. मावशींनाही मी दाखवलं, कॅमेऱ्यात कुठवर दिसतं आणि कुठून पुढे दिसत नाही.

आज संध्याकाळची कामं आटोपली की आपापल्या ॲपमध्ये जाऊन एवढंच बघा, खातं कोणाच्या नावावर आहे आणि कोणाकोणाला शेअर केलंय. अनोळखी नंबर दिसला तर तो काढा, पासवर्ड बदला आणि मला कळवा. आणि घरात कॅमेरा असेल तर सुनेला, मावशींना, सासूबाईंना एकदा विचारा की हा इथं चालेल का? त्या लगेच काही बोलल्या नाहीत तर ते होकार समजू नका.