कार्नेगीचं दान कुणाच्या पैशांचं?

व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत अँड्र्यू कार्नेगीचं नाव हमखास येतं. गरीब विणकराचा मुलगा, पोलादसम्राट, अडीच हजारांवर ग्रंथालयांना पैसे देणारा दाता. आणि त्याच दमात युनियनना उद्योगाला लागलेली कीड म्हटलं जातं. मला या व्याख्यानांची मनस्वी चीड आहे, कारण त्यांत होमस्टेडचं नाव चुकूनही निघत नाही.

पिट्सबर्गजवळ मोनोंगहेला नदीच्या काठी कार्नेगीचा हा कारखाना. तिथल्या कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या भावावर ठरे. भाव कितीही पडला तरी हिशेब टनाला २५ डॉलरच्या खाली धरायचा नाही, असा करार होता. जून १८९२ अखेर तो संपत होता. कंपनीला ती मर्यादा २२ वर आणायची होती, आणि खरं तर युनियनच नको होती. १८८६ मध्ये कामगारांच्या संघटनेच्या हक्काची बाजू लेख लिहून मांडणारा कार्नेगी स्वतः स्कॉटलंडला निघून गेला आणि युनियन मोडण्याचं काम कंपनीचा कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकवर सोपवलं. हा शुद्ध भेकडपणा होता.

फ्रिकनं कारखान्याभोवती वर काटेरी तारा लावलेलं उंच लाकडी कुंपण घातलं, टाळं ठोकलं. कामगार संपावर गेले. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन एजन्सीचे ३०० भाडोत्री शिपाई दोन पडावांतून नदीमार्गे आणले. गाव जागं झालं, बायकापोरं काठावर धावली. दिवसभर गोळ्या चालल्या, दोन्हीकडची माणसं मेली, संध्याकाळी पिंकर्टनवाले शरण आले. मग गव्हर्नरनं आठ हजारांवर सैनिक पाठवले आणि त्यांच्या पहाऱ्यात संपफोडे आत गेले. नोव्हेंबरात युनियननं हार मानली.

त्यानंतर मजुरी कापली गेली, बारा तासांची पाळी पक्की झाली. दर पंधरवड्याला पाळी बदलताना कामगार सलग चोवीस तास भट्टीपुढे उभा राही. रविवारी सकाळी आत गेलेला माणूस सोमवारी सकाळी बाहेर येई. आणि १८९८ मध्ये कार्नेगीनं याच कामगारांसाठी ग्रंथालय उघडलं, पोहण्याचा तलाव आणि संगीत सभागृहासकट! बारा तास राबून आलेल्या माणसानं पुस्तक उघडायचं कधी? त्याच्या मजुरीतून कापलेला पैसा त्यालाच दान म्हणून दाखवणं ही लूट आहे. तिला औदार्य म्हणायला मी तयार नाही.

युनियनचीही चूक होती, आणि ती मोठी होती. ३,८०० कामगारांपैकी जेमतेम ८०० तिचे सभासद. पूर्व युरोपातून आलेल्या अकुशल मजुरांना तिनं दाराबाहेर ठेवलं होतं. तरीही तेच मजूर संपात तिच्या पाठीशी उभे राहिले. पोलादात ही दरी बुजायला फार काळ गेला. १९१९ च्या संपात साडेतीन लाख कामगार उतरले, तोही चिरडला गेला. बारा तासांची पाळी १९२३ मध्ये सुटली. कार्नेगीच्या कारखान्यांची मालक झालेल्या यूएस स्टीलनं मार्च १९३७ मध्ये कुशल-अकुशल सगळ्यांच्या युनियनशी करार केला, तोवर होमस्टेडला पंचेचाळीस वर्षं होत आली होती. १८९२ मध्ये बापाला जे नाकारलं, ते मिळेपर्यंत त्याच्या मुलाचीही उमेद भट्टीपुढे जळून गेली होती.